उघडी मूठ सव्वा लाखाची

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार होते, आणि डोक्यांवरच्या पट्ट्या सुटतात न सुटतात तोच गणपतीची तयारी सुरू होते. आपल्या पांढुर्णा-सौसर भागात सणांचा हा क्रम ठरलेला. आरतीनंतर मुलांचे कार्यक्रम, हेही ठरलेले. नाच असतो, नकला असतात, श्लोक असतात आणि एखादा धीट मुलगा जादू करून दाखवतो.

अशीच एक जादू आम्ही मांडवात पाहिली. एका शाळकरी मुलाने थाळीत दहा-बारा नाणी मांडली. पहिल्या रांगेतल्या एका काकांना त्यांतले कोणतेही एक उचलायला सांगून स्वतः पाठ फिरवली. काकांनी नाण्यावरचे साल मनात वाचायचे, नाणे मुठीत घट्ट धरायचे आणि त्या सालाचा विचार करायचा. मग ते शेजाऱ्याला द्यायचे, त्यानेही तसेच करायचे. तिघा-चौघांच्या मुठींतून फिरलेले नाणे शेवटी इतर नाण्यांबरोबर कापडी पिशवीत पडले. मुलाने पिशवीत हात घातला, डोळे मिटले आणि नेमके तेच नाणे बाहेर काढले. टाळ्या पडल्या. पोराच्या अंगात काहीतरी आहे, अशी कुजबुज मागच्या रांगांतून ऐकू आली.

पोराच्या अंगात काही नव्हते, जे होते ते नाण्यात होते. पावसाळी रात्री थाळीतली नाणी गार पडलेली असतात. चार मुठींतून फिरलेले एकच नाणे कोमट असते, आणि पिशवीत घातलेल्या बोटांना ते लगेच कळते. विचार करा, मन एकाग्र करा, हे सांगणे एवढ्यासाठीच, की नाणे मुठीत जास्त वेळ राहावे. दुसऱ्या दिवशी मुलाने हे आम्हाला हसत सांगितले आणि कोणाला सांगू नका, अशी गळही घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला त्याच्या घरातल्या मोठ्यांनीच शिकवले होते.

आम्ही हसलो खरे, पण आमच्या घरातली एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या आजीच्या लहानपणी दारावर एक माणूस आला होता. त्याने आजीच्या आईला एका मुठीत नाणे धरायला लावले, ती मूठ देवाचे नाव घेत कपाळाला लावून ठेवायला सांगितली आणि स्वतः तोंड फिरवले. मग दोन्ही हात पुढे करवून नाणे कोणत्या हातात आहे ते त्याने तीनदा बिनचूक सांगितले. यातही दैवी काही नाही. जो हात बराच वेळ वर धरलेला असतो, त्यातले रक्त खाली उतरते, तो हात दुसऱ्यापेक्षा फिका दिसतो, शिरा दबलेल्या दिसतात. पाहणाऱ्याची नजर तेवढी तयार लागते. पण पणजीला हे कोण सांगणार? मुठीतले नाणे दिसणाऱ्याला घरावरचे संकटही दिसत असणार, असे तिने धरले. लक्ष्मीपूजनाचे चांदीचे रुपये शुद्धीसाठी म्हणून त्या माणसाच्या झोळीत गेले आणि परत आले नाहीत. देव्हाऱ्यात वेगळा ठेवलेला एक रुपया तेवढा वाचला.

मांडवातला मुलगा आणि दारावरचा तो माणूस, दोघांची विद्या एकाच जातीची. फरक काय तो पुढच्या वागण्यातला. तो फरक आम्हाला कोणी नीट दाखवला असेल, तर नाशिकजवळच्या देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. दुसऱ्याच्या मनातली संख्या ज्या मुक्कामाला पोचणार, तो मुक्काम हा माणूस आधीच कागदावर लिहून ठेवू शकत असे. आणि ते कसे, हे आयुष्यभर भेटेल त्याला सांगत असे. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. गणितानंद या नावानेही त्यांना ओळखतात. यंदाच्या स्मरणिकेत त्यांची आठवण काढायला आणखीही एक निमित्त आहे. ते ओघात येईलच.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. पुढे वडिलांनी त्यांना वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे, हा वाद बाजूला ठेवू. पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड पक्की लागते. वडिलांच्या शेजारी बसून मुलाने भविष्य उचलले नाही, आकडे उचलले. आपल्या घरांतल्या जुन्या माणसांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असत. तो काळ हिशेब तोंडी करण्याचा होता. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पैंचा पैसा. भाजीवालीसुद्धा हे सगळे क्षणात जुळवत असे. इतरांना ही कटकट वाटे, या मुलाला तो खेळ वाटला.

माध्यमिक शाळा ठाण्याला झाली. तिथे कोडी सोडवण्यात त्यांचे तास न् तास जात. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. केंब्रिजला गणितात पहिले येऊन सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, रँग्लर परांजपे, यांचे हे महाविद्यालय. त्यांच्याच नावाचे पारितोषिक विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कामाला मिळत असे. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढे एम.एस्सी. नाही, डॉक्टरेट नाही. पदवीनंतर ते देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी गाव सोडले नाही.

देवळाली म्हणजे लष्कराची छावणी. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोऱ्या सैनिकांना तिथे महिनोन् महिने पडून राहावे लागे. त्या कंटाळ्याने डोके फिरलेल्या माणसाला सैनिकांच्या बोलीत गावाच्याच नावावरून डुलाली म्हणू लागले आणि तो शब्द इंग्रजी कोशात जाऊन बसला. अशा गावात एक मास्तर शाळा सुटल्यावर कागदभर आकडे मांडत बसे. लोकांनी त्यांच्याबद्दल काय म्हटले असेल याचा अंदाज करता येतो.

कापरेकरांच्या डोक्यात आकडे कुठेही सुरू होत. एकदा रेल्वेच्या प्रवासात डेमलो स्टेशनावर त्यांना एक कल्पना सुचली. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. अकराला अकराने गुणले की १२१ येतात. १११ ला १११ ने गुणले की १२३२१. पुढे १२३४३२१. आकडे पायऱ्या चढतात आणि तशाच उतरतात. या संख्या आणि यांच्या जातीच्या आणखी संख्या त्यांनी गोळा केल्या आणि कुळाला स्टेशनाचेच नाव दिले : डेमलो संख्या. शोधाला स्वतःचे किंवा एखाद्या राजाचे नाव द्यायचे सोडून लोकल थांबते त्या स्टेशनाचे नाव देणारा गणिती विरळाच.

दुसरे एक कूळ त्यांनी काढले त्याचे नाव हर्षद, म्हणजे आनंद देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती हर्षद. बारा घ्या : एक आणि दोन तीन, आणि तिनाने बाराला भाग जातो. अठरा घ्या : एक आणि आठ नऊ, आणि नवाने अठराला भाग जातो. तिसरे कूळ आपल्या गणेशभक्तांना जवळचे वाटेल. एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवले की नवी संख्या जन्मते. एकवीसमध्ये दोन आणि एक मिळवा, चोवीस होतात. म्हणजे चोविसाचा जन्मदाता एकवीस. पण काही संख्यांना असा जन्मदाताच सापडत नाही. वीस, एकतीस, बेचाळीस, त्रेपन्न, चौसष्ट. कितीही शोधा, यांना कोणी जन्म दिलेला नाही. १९६३ साली कापरेकरांनी या संख्यांवर पुस्तिका काढली. जगात त्यांना सेल्फ नंबर किंवा देवळाली संख्या म्हणतात. आपल्या भाषेत त्यांना स्वयंभू म्हणणेच शोभते.

आणि चौथे कूळ ते, ज्याला आज सगळीकडे कापरेकर संख्या म्हणतात. पंचेचाळीस घ्या. पंचेचाळिसाचा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे करा : वीस आणि पंचवीस. बेरीज करा : पंचेचाळीस. संख्या स्वतःचा वर्ग करून फुटली आणि तुकडे जुळवताच पुन्हा पहिली झाली. वर सांगितलेले निमित्त हेच. यंदाचे सालच २०२५ आहे. पुढच्या ५५ चा वर्ग ३०२५, त्याचे तुकडे तीस आणि पंचवीस, बेरीज पंचावन्न. म्हणजे असे साल आता एक हजार वर्षांनी. कापरेकर असते तर त्यांनी हे वर्ष पोरांना पेढे वाटून साजरे केले असते, असे आम्हाला वाटते.

पण ज्या शोधाने त्यांचे नाव अमर केले, तो मनकवड्याच्या खेळाला सगळ्यात जवळचा. १९४६ साली त्यांना तो सापडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. पुन्हा करा. मध्ये उत्तर तीन अंकी आले, तर पुढे शून्य लावून चार अंकी धरा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ या संख्येवर येऊन पोचता. तिथे पोचल्यावर हलणे नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४.

यंदाचे सालच घेऊन पाहा. २०२५ चे अंक मांडले : ५२२० वजा ०२२५, उरले ४९९५. मग ९९५४ वजा ४५९९, उरले ५३५५. मग ५५५३ वजा ३५५५, उरले १९९८. मग ९९८१ वजा १८९९, उरले ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, उरले ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. सहा पायऱ्या झाल्या. आपले पांढुर्णा आणि सौसर हे तालुके छिंदवाड्यातून निघून नवा जिल्हा झाला ते २०२३ साल घ्या. तेही सहा पायऱ्यांत तिथेच येते. नवा पैसा आला ते १९५७ साल घ्या, सहाच पायऱ्या. २००० घेतले तर चारच.

असे का होते, हेही झाकून ठेवण्यासारखे नाही. वजाबाकी करताना चार अंकांपैकी दोनच गोष्टी कामाला येतात : सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिला फरक ९९९ ने गुणायचा, दुसरा ९० ने, आणि बेरीज करायची; वजाबाकीचे उत्तर तेच येते. पहिला फरक एक ते नऊ असू शकतो आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होऊ शकत नाही. मोजून पाहिले तर अशा जोड्या भरतात फक्त ५४. पुढे शून्य लावलेल्या धरून जवळजवळ दहा हजार संख्या जत्रेला निघतात आणि पहिल्याच पावलाला चोपन्न दारांत जमा होतात. त्या चोपन्न दारांतून निघणाऱ्या सगळ्या वाटा एकाच चौकात मिळतात. त्या चौकाचे नाव ६१७४. याच चौकाला आज जग कापरेकर स्थिरांक म्हणते. गंमत अशी की ६१७४ च्या अंकांची बेरीज अठरा, आणि अठराने तिला पूर्ण भाग जातो. म्हणजे ती हर्षदही आहे.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडले. पुढे अमेरिकेतल्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकातही ते छापून आले. आपल्याकडचे मोठमोठे गणिती मात्र हसले. त्यांच्या दृष्टीने हा पोरखेळ होता. उच्च गणित म्हणजे मोठी प्रमेये, अवघड चिन्हे. अंकांची उलटापालट करणे हे शाळामास्तराचे काम, विद्वानाचे नव्हे. कापरेकरांनी त्यावर वाद घातला नाही. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळेना, तेव्हा ते लहानसहान नियतकालिकांत लिहीत राहिले, आणि तेही जमले नाही तेव्हा पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. त्या पुस्तिकांवर प्रकाशक म्हणून लेखकाचेच नाव आणि पत्ता देवळालीचा. मास्तरांच्या पगारात छपाईचा खर्च म्हणजे काय, हे आपल्यातल्या शिक्षकांच्या घरांना वेगळे सांगायला नको.

आमच्या मते इथेच त्यांची परीक्षा होती. एवढे ज्याला येते, त्याला दुसरा सोपा रस्ता उघडा होता. मनातली संख्या ओळखतो म्हणून पाटी लावली असती, कपाळाला गंध लावून डोळे मिटले असते, तर दारात रांग लागली असती. वडिलांकडून ज्योतिषाची ओळख होतीच. ६१७४ हा आकडा पाकिटात बंद करून ठेवायचा, समोरच्याला हवी ती संख्या धरायला सांगायची, आकडेमोड त्याच्याच हाताने करून घ्यायची आणि शेवटी पाकीट उघडायचे. रहस्य न सांगणाऱ्या माणसाला याच्यावर दक्षिणा मिळाली असती. कापरेकरांनी यातले काही केले नाही. त्यांनी ते वर्गात फळ्यावर मांडले. शेवटच्या बाकावरच्या पोराला खडू दिला आणि त्याच्याच संख्येने त्याला तिथे पोचवले. संख्यांच्या प्रेमाने ते मुलांना गणितात ओढून घेत. त्यांची शिकवण्याची रीत ऐकायला आजूबाजूच्या महाविद्यालयांतूनही त्यांना बोलावणे येई.

१९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ साली पत्नी वारली. निवृत्तिवेतन पुरेना. साठी ओलांडलेल्या या माणसाला पोटासाठी गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. शोधांनी त्यांच्या घरात पैसा आणला नाही आणि मानही फारसा आणला नाही. तरी संख्यांचा नाद सुटला नाही.

मान आला तो सातासमुद्रापलीकडून, आणि आणला एका जादूच्या नादी लागलेल्या माणसाने. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक सायंटिफिक अमेरिकन मासिकात गणिताच्या खेळांचे सदर लिहीत. गणित त्यांनी घरी बसून आपले आपण शिकलेले. लहानपणापासूनचा खरा छंद हातचलाखीचा. गणितावर चालणाऱ्या जादूच्या प्रयोगांवर त्यांनी १९५६ साली आख्खे पुस्तक लिहिले होते, आणि त्यात पत्ते, फासे, काडेपेटीतल्या काड्या आणि नाणी यांचे खेळ होते. म्हणजे मांडवातल्या आपल्या त्या मुलाला जे आवडते, तेच यांना आवडत असे. मार्च १९७५ च्या अंकात गार्डनर यांनी कापरेकरांवर लिहिले, आणि देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर गेले. विद्वानांना जे क्षुल्लक वाटले होते, त्याची किंमत एका जादूच्या शौकिनाला कळली. कारण जादू करणाऱ्याला पक्के ठाऊक असते, की रहस्य साधे असले म्हणून आश्चर्य लहान होत नाही.

कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ साली, देवळालीतच ते वारले. आज संगणक शिकणाऱ्या मुलांना पहिल्या काही धड्यांतच त्यांच्या संख्या भेटतात. त्यांची उदाहरणे सोडवणाऱ्या परदेशी मुलांना देवळाली कुठे आहे ते ठाऊक नसते, पण त्या गावाचे नाव त्यांच्या तोंडी येते. ज्या गावाने इंग्रजीला वेडासाठी शब्द दिला, त्याच गावाने गणिताला स्वयंभू संख्यांसाठी नाव दिले.

आपल्याला या चरित्रातून काय घेता येईल? आपण पिढ्यान् पिढ्या या सीमेवर राहतो आहोत. आपली मुले शाळेत उन्नीस म्हणतात आणि घरी एकोणीस. आजी एकोणऐंशी म्हणते तेव्हा नातू गोंधळतो. भाषेची ही ओढाताण आपल्या घरांत रोज चालते आणि मराठी टिकेल की नाही याची काळजी आपल्या मंडळाच्या बैठकीत दरवर्षी निघते. ती काळजी योग्यच आहे. पण कापरेकरांसारखी माणसे आपल्या भाषेच्या घरात होऊन गेली, हे जर मुलांना कोणी सांगितलेच नाही, तर नुसते मराठी बोला म्हणून ती कशाला बोलतील? त्या घरात ऐवज काय आहे, हे त्यांना दिसले पाहिजे.

दुसरी गोष्ट मुठीची. आपल्याकडे जो झाकतो तो मोठा ठरतो. वैद्य काढ्याची पाने सांगत नाही, आचारी मसाल्याचे प्रमाण सांगत नाही, बाजारातला मदारी डबा उघडून दाखवत नाही. पोटासाठी काही झाकावे लागते, हे आम्हालाही मान्य आहे. मदाऱ्याला आमचा दोष नाही. तो खेळ म्हणून दाखवतो आणि आपण खेळ म्हणून पाहतो. दोष येतो तो झाकलेल्या मुठीपुढे आपण डोके टेकवतो तेव्हा. आमच्या पणजीने जे रुपये घालवले, ते त्या माणसाच्या चलाखीने गेले नाहीत. कसे केलेस, असे तिने विचारले नाही, म्हणून गेले. विचारायचे असते, हे तिला कोणी शिकवले नव्हते. कापरेकरांनी आपल्या वर्गातल्या मुलांना तेवढे तरी नक्की शिकवले. त्यांच्या जादूत मूठ उघडल्यावरही आश्चर्य उरत असे, उलट वाढत असे. कोमट नाण्याचे गुपित कळले की खेळ संपतो. चोपन्न दारांचे गुपित कळले, तरी सगळ्या वाटा त्याच एका चौकात का मिळाव्यात, याचे नवल काही संपत नाही.

म्हणून त्या मुलाला आम्ही यंदा नवा खेळ सुचवला आहे. प्रेक्षकाने खिशातले कोणतेही नाणे काढायचे, साल झाकून ठेवायचे आणि पाटीवर आपले आपण वजाबाक्या करायच्या. मुलाने आधीच एक चिठ्ठी लिहून गणपतीपुढे ठेवलेली असेल. आज चलनात असलेल्या कोणत्याही नाण्याचे साल असले, तरी चिठ्ठीतला आकडा चुकणार नाही. अट एकच घातली आहे : टाळ्या थांबल्या, की फळा पुढे ओढायचा आणि सगळे उघड करून सांगायचे, आणि ज्या मास्तरांनी हे शोधले त्यांचे नाव घ्यायचे. मुलाने जरा विचार केला. सांगून टाकले तर पुढच्या वर्षी काय करू, अशी त्याची शंका. पुढच्या वर्षी दुसरे काही शिकशील, असे आम्ही म्हणालो. त्याला ते पटले असावे, कारण तो लगेच घरातली नाणी काढून पाटीवर आकडे मांडू लागला.

आम्हीही घरी येऊन देव्हाऱ्यातला तो वाचलेला चांदीचा रुपया काढला. सातव्या एडवर्डचा आहे, राजाच्या डोक्यावर मुकुट नाही. चिंचेने घासल्यावर साल दिसले : १९०५. ज्या साली कापरेकर जन्मले तेच. आम्ही कागद घेतला. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि मग ६१७४. बरोबर सात पायऱ्या, नियमात जास्तीत जास्त जेवढ्या बसतात तेवढ्या. मास्तरांच्या जन्मसालालाच मुक्कामी पोचायला सगळ्यांत लांबची वाट चालावी लागली. यात दैवी काही नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी कागद खाली ठेवताना क्षणभर नवल वाटलेच.